जेटपॅक कंपोज: एक्सएमएलवर हात बसलेल्या अँड्रॉइडवाल्यांसाठी रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो. जेटपॅक कंपोज, म्हणजे अँड्रॉइड ॲपचे स्क्रीन कॉटलिन भाषेत लिहायचं गूगलचं साधन, चांगलं आहे, मनापासून चांगलं आहे, आणि अजून एक्सएमएलमध्ये, म्हणजे मांडणी वेगळ्या फाइलीत लिहायच्या जुन्या पद्धतीने, स्क्रीन करत असाल तर आता शिकायला घ्याच. पण चालतं ॲप पाडून सगळं नव्याने लिहायला बसू नका, त्याची गरज नाही आणि कंपोजवाल्यांनी स्वतःच तशी सोय करून ठेवलीये, त्यावर खाली सविस्तर लिहितो. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली मुलं पहिल्यापासून कंपोजच शिकतात, त्यांना या रिव्ह्यूचा फार उपयोग नाही. मी लिहितोय ते ज्यांनी जावामध्ये ॲप्स केली, चांगली केली, लोकांच्या हातात वर्षानुवर्षं चालवली, आणि आता टीममध्ये कुणी "कंपोज येतं ना?" असं विचारलं की ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांच्यासाठी. असे लोक पुण्यात हिंजवडीपासून खराडीपर्यंत भरपूर आहेत आणि त्यांना उगाच जुनाट समजलं जातं याचं मला खरंच वाईट वाटतं.

मी कशावर वापरलं ते सांगतो म्हणजे अंदाज येईल. आमचं ॲप दूध संकलन केंद्रासाठी आहे, सांगली-कोल्हापूरकडच्या गावांत सकाळ-संध्याकाळ दूध घालायला लोक येतात, गाय की म्हैस, लिटर किती, फॅट किती, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) किती, त्यावरून दर आणि रक्कम, ब्लूटूथ प्रिंटरवर पावती, आणि दर दहा दिवसांनी बिल. वापरणारा माणूस पहाटे साडेपाचला रांग समोर घेऊन उभा असतो, फोन स्वस्तातला, रॅम कमी, स्क्रीनवर दुधाचे हात. म्हणजे डेमो ॲपमध्ये सुंदर दिसणं हा आमचा निकष नाहीच, अंगठा पडला की नोंद झाली पाहिजे आणि आकडा चुकता कामा नये एवढंच.

आता थोडं मागे जाऊ, कारण त्याशिवाय या प्रॉडक्टबद्दल लोक का वैतागलेले असतात ते कळत नाही. अँड्रॉइडमध्ये टिकून राहायचं म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी काहीतरी बदलणार हे धरूनच चालावं लागतं. कोड लिहायला आधी एक्लिप्स होतं, मग २०१३ ला अँड्रॉइड स्टुडिओ जाहीर झाला, २०१४ च्या शेवटी त्याचं १.० आलं आणि बिल्डसाठी, म्हणजे कोडपासून ॲप बनवायला, ग्रेडल शिकावं लागलं. याद्या दाखवणारा लिस्ट-व्ह्यू जाऊन रीसायकलर-व्ह्यू आला. २०१७ ला गूगलने कॉटलिनला अधिकृत सपोर्ट दिला आणि २०१९ ला तर 'कॉटलिन फर्स्ट' म्हणून जाहीरच केलं. बॅकग्राउंडच्या कामाला असिंक-टास्क वापरायचो तो अँड्रॉइड ११ ला बाद ठरवला, मधल्या काळात बऱ्याच जणांनी त्याच कामासाठी आरएक्स-जावा मेहनतीने शिकून घेतलं आणि ते हातात बसतंय तोवर कॉटलिनचे कोरुटीन्स आले. स्क्रीनवरचं बटण कोडमध्ये पकडायचं एवढं साधं काम, त्यालासुद्धा फाइंड-व्ह्यू-बाय-आयडी, मग बटरनाइफ, मग डेटा बाइंडिंग, मग कॉटलिन सिंथेटिक्स, मग व्ह्यू बाइंडिंग, आणि यातलं सिंथेटिक्स तर लोकांनी सगळीकडे भरून ठेवल्यावर बाद झालं. एवढं सगळं झाल्यावर २०१९ च्या आय-ओ या आपल्या वार्षिक परिषदेत गूगलने सांगितलं की आता एक्सएमएलच नको, स्क्रीन कॉटलिनमध्येच लिहा, आणि २८ जुलै २०२१ ला कंपोज १.० बाहेर पडलं. त्यामुळे कुणी म्हणालं की "हेपण चार वर्षांत जाईल, कशाला शिकू" तर त्या माणसाचा राग मला कळतो, त्याने ते अनुभवलेलं असतं.

पण इथे एक फरक आहे आणि तो माझ्या मते महत्त्वाचा आहे. आधीचे बरेचसे बदल म्हणजे तेच काम दुसऱ्या पद्धतीने करणं होतं. कंपोजमध्ये कामाची कल्पनाच बदलते, आणि ती कल्पना एकट्या अँड्रॉइडची नाही, रिअ‍ॅक्ट २०१३ ला ओपन सोर्स झालं तेव्हापासून वेबवाले तेच करतायत, फ्लटर तसंच, ॲपलचं स्विफ्ट-यूआय पण २०१९ मध्येच आलं ते तसंच. सगळीकडचे लोक फिरून फिरून एकाच ठिकाणी येऊन पोचले असतील तर त्यात दम आहे असं मानायला जागा आहे. उद्या कंपोज गेलं तरी ही विचार करण्याची पद्धत जाणार नाही, म्हणून शिकण्यात घातलेला वेळ वाया जाईल असं मला वाटत नाही.

ती पद्धत काय ते आमच्या नोंदीच्या स्क्रीनवरून सांगतो. जुन्या पद्धतीत एक नोंद सेव्ह झाली की काय काय करावं लागायचं बघा: लिस्टच्या ॲडॉप्टरला (यादीला डेटा पुरवणाऱ्या कोडला) सांगा नवीन ओळ आली, वर एकूण लिटरचा टेक्स्ट बदला, एकूण रक्कम बदला, 'अजून नोंद नाही' हा मेसेज दिसत असेल तर लपवा, बटण परत चालू करा, लिटर-फॅटचे चौकोन रिकामे करा. प्रत्येक गोष्ट आपण हाताने सांगायची. आणि हीच सहा कामं नोंद दुरुस्त केली तर वेगळ्या क्रमाने, डिलीट केली तर आणखी वेगळी. यातलं एक जरी राहिलं तरी डेटाबेसमध्ये बरोबर आणि स्क्रीनवर चूक अशी अवस्था होते, आणि दूध केंद्रावर खालची यादी एक सांगते आणि वरची बेरीज दुसरं सांगते हे उत्पादकासमोर दिसलं की विश्वास गेला, मग तुम्ही कितीही समजवा.

कंपोजमध्ये तुम्ही फक्त एवढंच लिहिता की नोंदींची यादी ही अशी असेल तर स्क्रीन असा दिसेल. बस. यादी बदलली की स्क्रीनचा जो भाग त्या यादीवर अवलंबून आहे तो परत काढला जातो, बेरीज त्याच यादीतून येते त्यामुळे ती वेगळी पडूच शकत नाही, रिकामा मेसेज म्हणजे यादी रिकामी असेल तर हे दाखव इतकं साधं. 'काय बदललं ते सांगत बसा' हे कामच गेलं. आमचा जुना नोंदीचा स्क्रीन म्हणजे एक्सएमएल, फ्रॅगमेंट (स्क्रीन चालवणारा कोड), ॲडॉप्टर, व्ह्यू-होल्डर (एका ओळीचे घटक धरून ठेवणारा), आणि दोन याद्यांतला फरक काढणारा वेगळा क्लास, अशा पाच ठिकाणी पसरलेला होता, कंपोजमध्ये तोच लेझी-कॉलम ही कंपोजची सरकणारी यादी वापरून एका फाइलीत बसला आणि वरून खाली वाचला तर कळतो. लेझी-कॉलमसाठी ॲडॉप्टर लागत नाही, व्ह्यू-होल्डर लागत नाही, ज्याने रीसायकलर-व्ह्यूमध्ये आयुष्य घालवलंय त्याला पहिल्यांदा हे बघून विश्वास बसत नाही. फक्त प्रत्येक ओळीला आपली 'की', म्हणजे ओळख, द्यायची, उत्पादकाचा कोड आणि वेळ असं काहीतरी जे डेटाबेसमध्ये एकमेव असेल, नाहीतर मध्येच एक ओळ डिलीट झाली की बाकीच्यांची स्थिती सरकते.

आता अवघड भाग, आणि इथेच बहुतेक जण पहिल्या आठवड्यात अडकतात. कंपोजेबल फंक्शन, म्हणजे स्क्रीनचा एखादा भाग काढणारं फंक्शन, हे नेहमीच्या फंक्शनसारखं दिसतं पण ते कधी, किती वेळा चालेल हे तुमच्या हातात नसतं. स्टेट, म्हणजे स्क्रीन ज्यावर अवलंबून आहे तो डेटा, बदलली की ते परत चालतं, ॲनिमेशन असेल तर सेकंदाला अनेकदा चालू शकतं, आणि गरज नसेल तर कंपोज ते गाळूनही टाकतं. याला रीकंपोझिशन म्हणतात. त्यामुळे त्या फंक्शनमध्ये दिसण्याशी संबंध नसलेलं काहीही करायचं नाही, डेटाबेसमध्ये लिहायचं नाही, सर्व्हरला कॉल मारायचा नाही. आमच्याच उदाहरणात, 'नोंद झाली असेल तर पावती प्रिंट कर' असं कुणी सरळ कंपोजेबलच्या आत लिहिलं तर एका नोंदीच्या दोन-तीन पावत्या निघू शकतात. ते काम बटणाच्या क्लिकमध्ये किंवा व्ह्यू-मॉडेलमध्येच, म्हणजे स्क्रीनचा डेटा सांभाळणाऱ्या वेगळ्या क्लासमध्येच, जायला हवं, आणि स्क्रीन आल्यावर एकदाच काही करायचं असेल तर त्यासाठी लाँच्ड-इफेक्ट आहे. हे नियम पाठ करायला चार आहेत पण अंगात मुरायला वेळ लागतो, घाई करू नका.

दुसरं म्हणजे रिमेंबर आणि रिमेंबर-सेव्हेबल, कंपोजेबलमध्ये एखादी गोष्ट लक्षात ठेवायच्या दोन पद्धती. रिमेंबरमध्ये ठेवलेली गोष्ट रीकंपोझिशनमध्ये टिकते पण फोन आडवा केला आणि ॲक्टिव्हिटी (ॲपचा स्क्रीन धरणारी अँड्रॉइडची खिडकी) नव्याने तयार झाली की जाते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कमी रॅमच्या फोनवर मध्येच कॉल आला, सिस्टिमने आपलं ॲप मारलं आणि माणूस परत आला तर अर्धवट भरलेले लिटर-फॅट गायब. रिमेंबर-सेव्हेबल वापरलं तर ते टिकतं. आता मजा बघा, हे ज्याने यासाठीचं जुनं ऑन-सेव्ह-इन्स्टन्स-स्टेट वापरलंय त्याला एका वाक्यात कळतं, कारण आतून तेच चालू आहे. आमच्या टीममधली एक मुलगी आहे, कंपोजवरच शिकलेली, कोड माझ्यापेक्षा भराभर लिहिते, तिने विचारलं, "सर, सिस्टिम आपलं ॲप मारते म्हणजे नेमकं कधी मारते, आणि का?" तेव्हा फळ्यावर लाइफसायकलचं, म्हणजे ॲप कधी सुरू होतं, थांबतं आणि मरतं त्याचं, चित्र काढून तासभर बोललो आम्ही. तिला ॲक्टिव्हिटी म्हणजे काय, प्रोसेस म्हणजे काय, मेन थ्रेडवर (स्क्रीन काढणाऱ्या मुख्य धाग्यावर) काम अडकलं की काय होतं हे कुणी सांगितलंच नव्हतं, ट्यूटोरियल थेट बटणापासून सुरू होतात. माझ्या वयाच्या लोकांना मी हेच सांगतो की तुमच्याकडचं निम्मं सामान इथे जसंच्या तसं कामाला येतं. लाइफसायकल तेच, मेन थ्रेड तोच, रूम डेटाबेस तोच, एसक्यूएल तेच, अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथला जोडायची परवानगी रनटाइमला मागावी लागते तो नियम तोच. कंपोजने बदललाय तो फक्त वरचा थर.

मराठीबद्दल वेगळं लिहायला हवं कारण इंग्रजी रिव्ह्यूंमध्ये हे कुठे मिळत नाही. आपल्या लिपीला उंची जास्त लागते, वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, 'र्कीं' सारखं काही आलं की ओळीच्या वर जागा हवीच, आणि डिझाइन करणारे लोक बहुतेक वेळा इंग्रजी मजकूर टाकून मापं ठरवतात. कंपोजमध्ये सुरुवातीला टेक्स्टच्या वर-खाली फॉन्टची जास्तीची जागा आपोआप सोडली जायची, जुन्या टेक्स्ट-व्ह्यूसारखीच, पण जानेवारी २०२४ च्या १.६ मध्ये ती डीफॉल्टने बंद केली गेली. इंग्रजीसाठी ते बरोबर आहे, मजकूर बटणाच्या बरोबर मधोमध बसतो. मराठी ॲप असेल तर मात्र त्या अपडेटनंतर प्रत्येक स्क्रीन डोळ्याने तपासा, लाइन-हाइट नीट द्या, आणि टेक्स्टच्या डब्याला पक्की उंची कधीच देऊ नका, किमान उंची द्या आणि वाढू द्या. गावाकडे बरेच जण सेटिंगमध्ये अक्षर मोठं करून ठेवतात, अँड्रॉइड १४ पासून तर ते २०० टक्क्यांपर्यंत जातं, पक्क्या उंचीच्या डब्यात मग अक्षरं कापली जातात.

आणि इथेच कंपोजची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आहे, प्रिव्ह्यू. एकाच कंपोजेबलचे चार प्रिव्ह्यू शेजारी लावता येतात, एक मराठी लोकेलमध्ये (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगमध्ये), एक मराठी आणि अक्षर दीडपट, एक डार्क, एक छोट्या स्क्रीनचा. फोनला ॲप न चढवता स्टुडिओमध्येच दिसतं की 'संकलन अहवाल' हे शब्द बटणात बसतायत की दुसऱ्या ओळीवर जातायत. भाषेकडे लक्ष देणाऱ्या माणसासाठी हे फार मोलाचं आहे. मराठी ॲप्समध्ये कापलेल्या वेलांट्या आणि अर्धे दिसणारे शब्द आपण इतके बघितलेत की आता ते आपल्याला खटकतही नाहीत, ते खटकलं पाहिजे, आणि आता ते आधीच पकडायचं साधन हातात आहे.

एक गोष्ट मात्र कंपोज सोडवत नाही, आकड्यांची. फोनची भाषा मराठी असेल आणि तुम्ही लोकेल न देता स्ट्रिंग-फॉरमॅट (आकड्याचा मजकूर बनवणारं फंक्शन) वापरलं तर फॅट '४.५' असा देवनागरी अंकात येतो. दाखवायला छान, पण तीच स्ट्रिंग परत दशांश संख्येत बदलायला गेलात तर एरर येते, सर्व्हरला पाठवली तर तिकडे गोंधळ. दाखवायचा आकडा आणि साठवायचा आकडा वेगळा ठेवा, साठवताना लोकेल ठरवून द्या. पावतीचंही तसंच, बऱ्याच स्वस्त थर्मल प्रिंटरना देवनागरी अक्षरं थेट छापता येत नाहीत, त्यामुळे पावतीचं चित्र काढून बिटमॅप पाठवावा लागतो, तो आमचा कॅनव्हासवर काढणारा जुना जावा कोड आजही तसाच चालू आहे आणि कंपोजने त्याला हातही लावला नाही.

आता स्पीड. पहिल्यांदा कंपोज लावून जुन्या फोनवर चालवलं की वाटतं हे तर अडखळतंय, आणि तिथेच काही लोक नाद सोडतात. थांबा, डीबग बिल्डवर, म्हणजे चाचणीसाठी बनवलेल्या ॲपवर, मत बनवू नका. कंपोज हे अँड्रॉइडच्या आत नसून आपल्या ॲपबरोबर जाणारी लायब्ररी आहे, जुने व्ह्यू (एक्सएमएलमधले बटण, टेक्स्ट वगैरे घटक) फोनमध्ये आधीच कंपाइल होऊन बसलेले असतात तसं याचं नाही, त्यामुळे डीबगमध्ये ते मंद वाटतंच. रिलीज बिल्ड करा, आर-८ (कोड आटोपशीर करणारं साधन) चालू ठेवा, बेसलाइन प्रोफाइल तयार करून लावा, मग बघा. बेसलाइन प्रोफाइल म्हणजे ॲप उघडताना आणि नेहमीच्या वाटेवर कुठला कोड लागतो त्याची यादी, ती दिली की फोन तो कोड आधीच कंपाइल करून ठेवतो. आमच्या जुन्या फोनवर यादी सरकवताना जो अडखळा जाणवायचा तो यानंतर डोळ्याला दिसण्याइतका राहिला नाही. लायब्ररी असल्याचा फायदाही आहेच, ॲपबरोबर जाते म्हणून २०१८ च्या फोनवर आणि नव्या फोनवर स्क्रीन जवळजवळ सारखाच वागतो, 'या कंपनीच्या फोनवरच हे बटण वेगळं का दिसतंय' ही शोधाशोध खूप कमी झाली.

उगाचच्या रीकंपोझिशनबद्दल इंटरनेटवर भरपूर भीती घातलेली आहे, साधी लिस्ट पॅरामीटर म्हणून दिली तर कंपोज ती अस्थिर मानतं, मग ही लायब्ररी लावा, ते ॲनोटेशन लावा वगैरे. कॉटलिन २.०.२० पासून स्ट्राँग स्किपिंग, म्हणजे अस्थिर पॅरामीटर असले तरी गरज नसताना फंक्शन गाळणं, डीफॉल्टनेच चालू आहे, त्यामुळे यातला बराचसा सल्ला आता जुना झाला. आधी मोजा, मग दुरुस्त करा.

जे आवडलं नाही तेही लिहितो. कंपोजच्या आजूबाजूची जमीन अजून हलते. कॉटलिनचं कुठलं व्हर्जन कंपोज कंपायलरच्या कुठल्या व्हर्जनबरोबर चालतं याचा तक्ता बघत बसणं हा कितीतरी दिवस वेगळा उद्योगच होता, तो मे २०२४ च्या कॉटलिन २.० पासून संपला कारण कंपायलर प्लगइन कॉटलिनबरोबरच यायला लागलं, चांगलं झालं पण उशिरा झालं. मटेरियल २ आणि मटेरियल ३ अशा गूगलच्या डिझाइनच्या दोन लायब्ररी आहेत, दोन्हीत बटण नावाचं बटण आहे, इम्पोर्ट चुकीचा झाला की कोड चालतो पण रंग थीमप्रमाणे येत नाहीत आणि नवीन माणूस दिवसभर शोधत राहतो. नॅव्हिगेशनमध्ये एका स्क्रीनवरून दुसऱ्यावर जायला बरीच वर्षं स्ट्रिंग जोडून रस्ता बनवायला लागायचा, २०२४ ला २.८ मध्ये टाइप-सेफ पद्धत आली, लोकांनी ती घेतली तोवर २०२५ मध्ये नॅव्हिगेशन ३ जाहीर. ॲकंपनिस्ट या गूगलच्या पूरक लायब्ररीतले पेजर, स्वाइप-रिफ्रेश लोकांनी वापरले, मग ते मुख्य कंपोजमध्ये आले आणि ॲकंपनिस्टमधले बाद झाले. प्रत्येक बदल सुटा बघितला तर बरोबरच वाटतो, पण चार माणसांच्या टीमला प्रत्येक बदलाची किंमत मोजावी लागते आणि गूगलने हे जास्त गांभीर्याने घ्यावं असं मला वाटतं. आणि मॉडिफायरचा, म्हणजे घटक कसा दिसावा ते सांगणाऱ्या सूचनांचा, क्रम, आधी पॅडिंग मग बॅकग्राउंड आणि आधी बॅकग्राउंड मग पॅडिंग याने वेगळं चित्र येतं, पोळीला तूप आधी लावून मग घडी घालणं आणि घडी घालून वरून तूप लावणं यात फरक आहे तसा, हे एकदा डोक्यात बसलं की मग त्रास होत नाही.

एआयकडून कंपोजचा कोड लिहून घेणारेही आता खूप आहेत, मीही घेतो, पण या हलत्या जमिनीमुळेच तिथे सावध राहावं लागतं, उत्तरात मटेरियल २ आणि ३ मिसळलेलं येतं, बाद झालेली फंक्शन्स येतात, आणि कोड इतका आत्मविश्वासाने समोर येतो की ज्याला मुळातलं माहीत नाही तो तसाच चिकटवतो. साइड इफेक्ट (पावती छापण्यासारखं, दिसण्याशी संबंध नसलेलं काम) कुठे लिहिलाय, स्टेट कुणाच्या मालकीची आहे, एवढ्या दोन गोष्टी स्वतः वाचून बघा.

आता सुरुवातीला म्हटलं ती सोय. कंपोज आणि जुने व्ह्यू एकत्र राहू शकतात, दोन्ही बाजूंनी. एक्सएमएलच्या स्क्रीनमध्ये कंपोज-व्ह्यू टाकून त्यात छोटा भाग कंपोजमध्ये लिहिता येतो, आणि कंपोजच्या स्क्रीनमध्ये अँड्रॉइड-व्ह्यू टाकून जुना कस्टम व्ह्यू, वेबव्ह्यू वगैरे बसवता येतो. आम्ही असंच केलं. आधी एक छोटं कार्ड, आजची बेरीज दाखवणारं, तेवढंच कंपोजमध्ये केलं आणि बाकी स्क्रीन तसाच ठेवून रिलीज केलं. काही बिघडलं नाही म्हटल्यावर उत्पादकांची यादी, मग नोंदीचा मुख्य स्क्रीन. व्ह्यू-मॉडेल आधीपासून नीट वेगळी ठेवलेली होती म्हणून हे जमलं. ज्यांचा सगळा हिशोब फ्रॅगमेंटच्या आतच लिहिलेला आहे त्यांनी कंपोजच्या नादाला लागण्याआधी तो हिशोब बाहेर काढावा, ते काम कंपोज न वापरताही उपयोगाचंच आहे.

मुख्य स्क्रीन बदलताना एका दूध संस्थेच्या सचिवांना आधी दाखवून आलो. त्यांनी पाच-सहा नोंदी करून बघितल्या आणि म्हणाले, "साहेब, आत काय करायचं ते करा, पण सेव्हचं बटण होतं तिथंच ठेवा, पहाटे लाइट नसली तरी अंगठा तिथंच जातोय आमचा." ते बटण आम्ही जागचं हलवलं नाही, आकारही तोच ठेवला. त्यांचं फोनकडे लक्ष नसतंच, लक्ष असतं दुधाच्या मापाकडे आणि समोरच्या माणसाकडे, हे कोड लिहिताना आमच्या मनात असायलाच हवं.

प्ले स्टोअरच्या नियमांचंही एक कारण आहे. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नवीन ॲप आणि अपडेट दोन्हींना किमान अँड्रॉइड १५ टार्गेट करणं, म्हणजे त्या व्हर्जनचे नियम पाळतो असं जाहीर करणं, सक्तीचं झालं, आणि ते केलं की अँड्रॉइड १५ च्या फोनवर ॲप आपोआप स्क्रीनच्या कडेपर्यंत पसरतं, वरच्या बॅटरी-घड्याळाच्या पट्टीखाली आणि खालच्या नॅव्हिगेशन बटणांच्या मागे. जुन्या एक्सएमएल स्क्रीनमध्ये हे एकेक करून सावरावं लागतं. कंपोजमध्ये स्कॅफोल्ड हा स्क्रीनचा तयार सांगाडा आतली जागा मोजून हातात देतो, ती पॅडिंग म्हणून लावली की झालं. खालचं बटण नॅव्हिगेशनच्या पट्टीत जाणं म्हणजे आमच्यासाठी केंद्र बंद पडण्यासारखंच, त्यामुळे हा मुद्दा आमच्याकडे निर्णायक ठरला.

खर्चाचं म्हणाल तर कंपोज फुकट आहे, ओपन सोर्स आहे, अँड्रॉइड स्टुडिओ फुकट आहे, आणि गूगलचा 'अँड्रॉइड बेसिक्स विथ कंपोज' हा कोर्सही फुकट आहे, इंग्रजीत आहे पण सोपा आहे. जुन्या लोकांनी त्यातले सुरुवातीचे भाग भराभर सोडून स्टेटच्या धड्यापासून हळू करावं. क्लासला भरमसाट फी भरायची मला तरी गरज दिसत नाही. खर्च येतो तो मशीनचा, ८ जीबी रॅमवर स्टुडिओ, एम्युलेटर आणि प्रिव्ह्यू तिन्ही चालू ठेवले तर माणूस कंटाळतो, १६ जीबी घ्याच, आणि एम्युलेटरऐवजी स्वस्त खरा फोन केबलने जोडा, तुमचे वापरणारे जो फोन वापरतात तसाच.

वेळ किती लागतो हे प्रत्येकाचं वेगळं असणार. जावावरून थेट येत असाल तर आधी कॉटलिन नीट करा, त्यातही लॅम्डा (दुसऱ्या फंक्शनच्या हातात देता येणारी बिननावाची फंक्शन्स) आणि कोरुटीन्स, कारण कंपोजचा निम्मा गोंधळ हा खरंतर लॅम्डाचा गोंधळ असतो. कॉटलिन येत असेल तर मन लावून बसलात की महिनाभरात स्वतःच्या ॲपचा एक स्क्रीन करता येईल असं मला आमच्या टीमकडे बघून वाटतं. आणि तो स्क्रीन स्वतःच्याच ॲपचा घ्या, ट्यूटोरियलमधली कामांची यादी नको, कारण तुमच्या स्क्रीनमधल्या अडचणी तुम्हाला आधीच पाठ असतात आणि त्या कंपोजमध्ये कशा सुटतात ते बघताना शिकणं पक्कं होतं.

कुणी घेऊ नये? ज्यांचं ॲप स्थिर आहे, वर्षातून एकदा टार्गेट वाढवून अपडेट देतात, नवीन स्क्रीन येतच नाहीत, त्यांनी राहू द्या, एक्सएमएलचे व्ह्यू कुठे पळून जात नाहीयेत. ज्यांना आयफोनचंही ॲप करायचंय त्यांनी मात्र जरूर बघा, कॉटलिन बनवणाऱ्या जेटब्रेन्सचं कंपोज मल्टीप्लॅटफॉर्म मे २०२५ मध्ये आयओएससाठीही स्टेबल झालं, आम्ही अजून वापरलं नाही, आमच्याकडे दूध केंद्रावर आयफोन कुणाकडे नाही.

माझ्याकडून ५ पैकी ४. एक कापला तो नॅव्हिगेशन आणि व्हर्जनच्या सततच्या हालचालीसाठी. आमच्या ॲपमध्ये सेटिंग्जचा आणि दहा दिवसांच्या बिलाचा स्क्रीन अजून एक्सएमएलमध्येच आहे, बिलाच्या स्क्रीनमध्ये कपातीचे नवीन रकाने मागितलेत लोकांनी, ते काम हातात घेऊ तेव्हा तोही कंपोजमध्ये जाईल, सेटिंग्जला सध्या हात लावायचा विचार नाही.